खाऱ्या हवेतील मालवाहू गाडी : बंपर व दाराखालील पट्टीस संरक्षक लेप

नांगराचा फाळ, पाण्याचा पंप आणि फवारणीची साधने यांची निगा कशी राखावी, याविषयी शेतकरी बंधूंस आजवर पुष्कळ सांगण्यात आले आहे. परंतु आज सिंधुदुर्गातील बागायतदाराचे सर्वांत महागडे अवजार कोणते असेल, तर ते त्याची मालवाहू गाडी होय. देवगडच्या कातळावरील हापूसच्या पेट्या, वेंगुर्ल्याच्या रोपवाटिकांतील काजूची कलमे, मालवणच्या बंदरावरील मासळी, हे सारे याच गाडीने बाजारास जाते. पुष्कळांनी ती कर्ज काढून घेतलेली असते. आणि कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच दाराखालचा पत्रा गंजून त्याचे पापुद्रे हाती येऊ लागले आहेत, असे दृश्य किनाऱ्यालगतच्या गावांत वारंवार दिसते.

यावर उपाय म्हणून गाडीचा पुढील व मागील बंपर आणि दाराखालील पट्टी यांस घरच्या घरी जाड संरक्षक लेप देण्याची पद्धत अलीकडे रूढ होत आहे. उपाय चांगला आहे. तथापि तो चुकीच्या रीतीने केल्यास गंज थांबत नाही, तो केवळ झाकला जातो. आणि झाकलेला गंज उघड्या गंजाहून अधिक घातक ठरतो. यास्तव हे काम कसे करावे, केव्हा करावे आणि कोणत्या गाडीवर मुळीच करू नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गंज कसा लागतो

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली म्हणजे गंज धरतो. यात मिठाची भर पडली की तीच क्रिया पुष्कळ वेगाने होते. कारण खाऱ्या पाण्यातून विद्युत्-प्रवाह सहज वाहतो, आणि गंजणे ही मुळात एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे.

श्रावणात बरणीतील मिठाला पाणी सुटते, हे घरोघरी ठाऊक आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ हवेतील बाष्प ओढून घेते व स्वतःच विरघळू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात; ते याहून कमी आर्द्रतेतही ओलावा धरतात. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हेच मीठ गाडीच्या पत्र्यावर बसते. त्यामुळे पाऊस नसतानाही, केवळ दमट हवेने, पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो. गाडी अंगणात उभी असते, पण गंजण्याचे काम चालूच असते.

आपल्या व्यवसायामुळे यात आणखी भर पडते. मासळीच्या पेट्यांतील बर्फ वितळून खारे पाणी हौद्यातून मागील बंपरावर गळते. खतांच्या गोण्यांतून सांडलेले खत ओलाव्याने विरघळून पत्र्यास चिकटते. बोर्डो मिश्रणात चुना कमी पडला असल्यास त्यात बुडविलेल्या लोखंडी पात्यावर तांबूस थर चढतो, ही परीक्षा आपल्या बागायतदारांस परिचित आहे. तो तांबूस थर म्हणजे तांबे होय; आणि ते पात्यावर बसते तेव्हा त्या प्रमाणात पात्याचे लोखंड द्रावणात उतरते. मोरचुदाचे पाणी गाडीच्या पत्र्यावर सांडल्यास तेथेही हेच घडते.

बंपर आणि दाराखालची पट्टी हे गाडीचे दोन भाग सर्वप्रथम बिघडतात, याची कारणे उघड आहेत. चाकांनी उडविलेले जांभ्याचे खडे याच भागांवर आदळतात व रंगाचा टवका उडतो. लाल माती तेथे थापली जाते आणि दिवसेंदिवस ओली राहते. दाराखालची पट्टी आतून पोकळ असते. दाराच्या फटीतून शिरलेले पाणी त्या पोकळीत उतरते व तळाशी ठेवलेल्या लहान छिद्रांतून बाहेर पडते. ही छिद्रे मातीने बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून रंग चांगला दिसत असतानाही आतील पत्रा गेलेला असू शकतो, तो याच कारणाने.

जाड लेप म्हणजे काय

हा लेप मुळात मालवाहू गाडीच्या हौद्यासाठी आहे. हौद्यात माल ओढताना रंग खरवडला जाऊन पत्रा उघडा पडू नये, म्हणून त्यावर चिवट, रबरासारखा थर देतात. हा लेप बहुधा पॉलियुरेथेन जातीचा असतो. या जातीच्या पदार्थांचा शोध जर्मनीत ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली लावला. गाडीचा नेहमीचा रंग सर्व थर मिळून साधारणपणे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असतो. हा लेप अर्धा मिलिमीटर वा त्याहून जाड बसतो. त्यामुळे खडा आदळला तरी तो सहसा फुटत नाही.

बाजारात याचे दोन प्रकार मिळतात. एका प्रकारात एकच डबा असतो व लेप हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. दुसऱ्यात मूळ लेप व हार्डनर असे दोन भाग असून ते ठराविक प्रमाणात मिसळावे लागतात. दोन्ही प्रकार योग्य रीतीने लावल्यास उपयुक्त ठरतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. हा लेप पाणी, मीठ व खडे यांस बाहेर थोपवितो. परंतु आत अगोदरच असलेल्या गंजाचा तो नाश करीत नाही. आपल्या किनाऱ्यावरील होडीवाले काजूच्या टरफलाचे तेल होडीस लावीत आले आहेत. होडी किनाऱ्यावर ओढून, बुडाला चिकटलेले शिंप-शेवाळ खरवडून, लाकूड उन्हात पुरते सुकवून मगच ते तेल लावतात. ओल्या व न खरवडलेल्या लाकडावर तेल फासणाऱ्यास कोणी शहाणा म्हणणार नाही. गाडीच्या पत्र्यास हाच नियम लागू आहे.

एक अनुभव

वेंगुर्ला तालुक्यातील एका रोपवाटिकेच्या मालकाने आपल्या बंद मालवाहू व्हॅनच्या बंपरास व दाराखालील पट्ट्यांस मे महिन्यात स्वहस्ते जाड काळा लेप दिला. काम दिसण्यास इतके सुबक झाले होते की, शेतकऱ्यांच्या एका प्रशिक्षण वर्गात प्रस्तुत लेखकाने ती गाडी मुद्दाम सर्वांस दाखविली व तिची प्रशंसा केली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. काजूची कलमे घेऊन जात असता वाटेत त्या गाडीचे चाक पंक्चर झाले. नेहमीप्रमाणे दाराखालील पट्टीस जॅक लावला. गाडी वर उचलली जाते न जाते तोच पट्टी दुमडली, जॅकचे डोके लेपातून आत घुसले आणि गाडी खाली बसली. पाना घेण्यासाठी चालकाच्या मदतनिसाने चाकाखालचा हात त्याच क्षणी बाहेर घेतला होता, म्हणून तो हात वाचला.

नंतर लेप कापून पाहिला असता आत पत्र्याऐवजी गंजाचे पापुद्रे आढळले. लेप मात्र रबरी पिशवीसारखा अखंड होता, आणि त्या पिशवीत पाणी साचलेले होते. चौकशीअंती तीन चुका लक्षात आल्या. पट्टीवरील गंज वरवर पुसून त्यावरच लेप दिला होता. पाणी निघून जाण्याची छिद्रे लेपाने बंद झाली होती. आणि काम मेच्या दमट दिवसांत, सकाळी गाडी धुऊन दुपारी उरकले होते.

त्या वर्गास आलेल्यांपैकी आणखी दोघांनी ती गाडी पाहून आपापल्या गाड्यांस तोच लेप दिला होता, असे समजले. दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही गाड्या तपासण्यात आल्या. एकाच्या पट्टीवर हातोडीने ठोकताच भसभसीत आवाज आला. तेथील पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागला. दुसऱ्याची पट्टी मात्र नव्यासारखी होती. त्याने लेपापूर्वी पत्रा चकाकेपर्यंत घासला होता, प्रायमर दिला होता आणि छिद्रे मोकळी राखली होती. लेप तोच, किनारा तोच, पावसाळेही तेच. फरक होता तो पूर्वतयारीचा. लेपाची स्तुती करण्यापूर्वी त्याखाली काय आहे हे विचारावयास हवे होते, ते प्रस्तुत लेखकाने विचारले नाही. या लेखाचे प्रयोजन तेच आहे.

लेपापूर्वीची परीक्षा

प्रथम आपली गाडी कोणत्या बांधणीची आहे ते पाहावे. पिकअप व ट्रक यांत भार खालच्या चासीवर असतो. दाराखालची पट्टी केवळ चालकाची केबिन सावरते. बंद व्हॅन वा मोटारीस बहुधा वेगळी चासी नसते. तेथे दाराखालची पट्टी हाच भार पेलणारा अवयव असतो. अशा गाडीची पट्टी गंजणे म्हणजे घराचे वासे वाळवीने खाण्यासारखे आहे.

परीक्षेसाठी लहान हातोडी व पेचकस पुरेसा आहे. पट्टीवर टोकापासून टोकापर्यंत हलके ठोकत जावे. निरोगी पत्रा खणखणतो. गंजलेला पत्रा बोदा आवाज देतो. संशयाच्या जागी पेचकसाचे टोक दाबून पाहावे. तळाची बाजू, चाकाजवळची टोके आणि पत्र्याचे सांधे यांकडे विशेष लक्ष द्यावे. बंपराच्या बाबतीत तो धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, बोल्ट व जोड तपासावेत. तेथे भेग असल्यास ती लेपाखाली दडवू नये.

या परीक्षेनंतर गाडीचे तीन वर्ग करता येतात.

पहिला वर्ग : रंग शाबूत आहे, टवके थोडे आहेत, गंज नाही. अशा गाडीस लेप अवश्य द्यावा. नव्या गाडीस पहिल्या पावसाळ्यापूर्वी दिलेला लेप सर्वांत लाभदायक होय.

दुसरा वर्ग : वरवरचा गंज आहे, पण पत्रा जाड व टणक आहे. गंज घासून पूर्ण काढल्यानंतरच लेप द्यावा.

तिसरा वर्ग : पत्रा दाबला जातो वा त्यास भोके आहेत. येथे लेप देऊ नये. खराब पत्रा कापून वेल्डिंगने नवा तुकडा बसवून घ्यावा. भोकात पुट्टी भरून त्यावर लेप चढविणे ही स्वतःची, आणि गाडी पुढे विकल्यास दुसऱ्याचीही, फसवणूक आहे.

काम केव्हा करावे

दसऱ्यास आपण गाडी धुऊन तिची पूजा करतो. त्याच दिवशी वरील परीक्षा करावी, म्हणजे पावसाळ्याने केलेले नुकसान वेळीच समजेल. पत्रा बदलावयाचा असल्यास तो दिवाळीच्या सुमारास बदलून घ्यावा आणि लेपाचे काम नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीपर्यंत करावे. या दिवसांत हवा तुलनेने कोरडी असते व आंब्याची वाहतूक अद्याप सुरू झालेली नसते. मे महिन्यात हवा पुन्हा दमट होते. जून व जुलै या दोन महिन्यांच्या मासेमारी बंदीत मासळीच्या गाड्या मोकळ्या असतात हे खरे. परंतु ते दिवस लेपाचे नव्हेत. त्या काळात गाडी धुऊन तपासून ठेवावी, एवढेच करावे.

हिवाळ्यात पहाटे दव पडते. सकाळी पत्रा हाताला थंड लागत असेल तर त्यावर डोळ्यांस न दिसणारा ओलावा असू शकतो. यास्तव काम सकाळी दहानंतर सुरू करावे व शेवटचा थर दुपारी तीनच्या आत द्यावा, म्हणजे संध्याकाळच्या दवापूर्वी तो आवळून येईल. दिवस योग्य आहे की नाही हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पट्टा ओढावा. तो सावलीत सुमारे पंधरा मिनिटांत सुकला, तर काम करण्यास हरकत नाही. तसाच ओला राहिला, तर त्या दिवशी काम करू नये.

साहित्य व त्याचे मोजमाप

लेप, प्रायमर, थिनर, तारेचा ब्रश, ८० व १८० क्रमांकाचा पॉलिश पेपर, कानस, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे, दोन इंची ब्रश, खडबडीत फोमचा रोलर, मोजण्याचे भांडे, रबरी हातमोजे, डोळ्यांवरील चष्मा व योग्य मुखपट एवढे साहित्य अगोदरच जमवावे.

लेप किती लागेल, हे अंदाजाने न ठरविता मोजून ठरवावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे एक लिटर, हे सूत्र लक्षात ठेवावे. उदाहरणार्थ, पुढील बंपर १.६० मीटर लांब व ०.३० मीटर रुंद असल्यास त्याचे क्षेत्र ०.४८ चौरस मीटर होते. मागील बंपर १.६० बाय ०.१५ मीटर, म्हणजे ०.२४ चौरस मीटर. दाराखालच्या दोन पट्ट्या प्रत्येकी १.२० बाय ०.२० मीटर, म्हणजे एकूण ०.४८ चौरस मीटर. सर्व मिळून १.२० चौरस मीटर झाले. त्यावर अर्धा मिलिमीटर थर हवा असल्यास सुकलेला लेप ०.६० लिटर लागेल. डब्यातील द्रावक उडून जाऊन निम्मा भाग उरतो असे धरल्यास १.२० लिटर, आणि नासधूस धरून सुमारे दीड लिटर लेप पुरेल. द्रावक उडून किती भाग उरतो हे डब्यावर दिलेले असल्यास त्याप्रमाणे हिशेब करावा. यापेक्षा फार कमी लेपात काम आटोपले, तर थर पातळ बसला असे समजावे.

धुणे, घासणे व प्रायमर

पत्र्यावर मिठाचा अंश राहिला व त्यावर लेप बसला, तर ते मीठ लेपातून हळूहळू पाणी आत ओढते आणि लेपास फोड येतात. म्हणून धुण्यात कसूर करू नये. पाणी गोडेच हवे. खाडीकाठच्या पुष्कळ विहिरींचे पाणी उन्हाळ्याच्या सुमारास मचूळ होते. अशा पाण्याने धुतल्यास श्रम व्यर्थ जातात. प्रथम माती काढावी, नंतर साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, शेवटी गोड्या पाण्याने दोनदा धुवावे. पट्टीच्या तळाची छिद्रे बारीक तारेने मोकळी करून आतूनही पाणी सोडावे. त्यानंतर दारे उघडी ठेवून गाडी दोन दिवस उन्हात सुकवावी.

सुकलेल्या भागावरील गंज तारेच्या ब्रशाने व ८० क्रमांकाच्या कागदाने, पत्रा चकाकेपर्यंत काढावा. टवक्याच्या कडेस रंग उचललेला असेल, तर तो जेथे घट्ट आहे तेथपर्यंत मागे खरवडत जावा. कारण गंज रंगाखालून पुढे सरकत असतो. बारीक खड्ड्यांत अडकलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लयुक्त गंजनाशक वापरावे व ते डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन अथवा पुसून काढावे. शाबूत रंग १८० क्रमांकाच्या कागदाने घासून त्याची चकाकी घालवावी. गुळगुळीत रंगावर लेप धरत नाही. पत्र्याच्या तीक्ष्ण कडा कानशीने किंचित गोल कराव्यात, कारण धारेवर लेप टिकत नाही, तो तेथून मागे सरतो.

घासल्यावर धूळ झटकून, थिनरमध्ये भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे. उघड्या पत्र्यास त्याच दिवशी प्रायमर द्यावा. किनाऱ्यावर उघडा पत्रा एक रात्र राहिला तरी त्यावर तांबूस छटा येते. लेपाच्या डब्यावर जो प्रायमर सांगितला असेल तोच घ्यावा. बहुधा तो दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर असतो. बंपर प्लास्टिकचा असल्यास त्यास प्लास्टिकसाठीचा वेगळा प्रायमर लागतो. तो न दिल्यास लेप सालीसारखा निघून येतो.

लेप देण्याची रीत

पट्टीच्या तळाच्या प्रत्येक छिद्रात ग्रीस लावलेली लाकडी काडी घालावी. जेथे लेप नको तेथे टेप व कागद लावावा. दोन भागांचा लेप असल्यास मूळ लेप व हार्डनर मोजूनच घ्यावेत. हार्डनर अधिक घातल्याने लेप अधिक चांगला होतो ही समजूत चुकीची आहे. भांड्याच्या तळापर्यंत नीट ढवळावे. मिसळलेला लेप ठराविक वेळातच वापरावा लागतो, म्हणून एका थरापुरताच मिसळावा. मिसळलेला लेप झाकण लावून ठेवू नये, तो तापतो.

प्रथम सांधे, कोपरे व कडा ब्रशाने भराव्यात. नंतर रोलरने सपाट भाग घ्यावा. अर्धे साहित्य पहिल्या थरास व अर्धे दुसऱ्या थरास वापरावे. एकदम जाड थर दिल्यास तो ओघळतो व आतून कच्चा राहतो. दुसरा थर डब्यावर दिलेल्या मुदतीतच द्यावा. मुदत उलटल्यास पहिला थर हलकेच घासून मग द्यावा. पत्र्यावर पाणी असल्यास पॉलियुरेथेनमधील घटकाची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो आणि लेपात बुडबुडे येतात. असे बुडबुडे दिसताच काम थांबवावे. तो भाग सुकल्यावर घासून काढून पुन्हा करावा.

लेप किंचित चिकट असतानाच टेप काढावी. त्याच वेळी छिद्रांतील काड्या काढून पाणी वाहते की नाही ते पाहण्यासाठी छिद्र मोकळे झाल्याची खात्री करावी. लेप पूर्ण वाळल्यावर त्या छिद्रांतून पट्टीच्या आत पोकळीसाठीचे मेणयुक्त गंजरोधक द्रव्य बारीक नळीने फवारावे. बाहेरचा लेप आतील बाजू राखू शकत नाही. ते काम हे द्रव्य करते.

पुढील ठिकाणी लेप लावू नये : सायलेंसर व त्याची नळी, ब्रेकच्या नळ्या, रबरी बुश, बोल्टांची डोकी, दिवे, परावर्तक पट्ट्या, क्रमांकाची पाटी, चासीवर कोरलेला क्रमांक आणि रेडिएटरकडे हवा नेणारी जाळी.

आरोग्याची काळजी

या लेपातील आयसोसायनेट नावाचे घटक श्वासावाटे गेल्यास दमा जडू शकतो. आणि एकदा तो जडला की पुढे अत्यल्प संपर्कानेही त्रास होतो. म्हणून घरी केवळ ब्रश व रोलरचाच उपयोग करावा. कंप्रेसरच्या फवाऱ्याने लेप देणे हे बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मुखपट असलेल्या कारागिराचे काम आहे. नाकास रुमाल बांधणे हा बचाव नव्हे. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ न करता वारा आडवा जाईल असे उभे राहून करावे. ज्यांस दमा आहे त्यांनी व मुलांनी जवळ थांबू नये. थिनर पेट घेतो. तेव्हा विडी, चूल व वेल्डिंग ही दूर ठेवावीत.

लेप कातडीस लागल्यास थिनरने धुऊ नये. खोबरेल तेलाने पुसून नंतर साबणाने धुवावे. डोळ्यांत गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन तत्काळ डॉक्टरांकडे जावे. उरलेला लेप व थिनर व्हाळात, विहिरीजवळ वा खाडीच्या कांदळवनात ओतू नये. मिसळलेला उरला लेप उघड्या भांड्यात घट्ट होऊ द्यावा व मग त्याची विल्हेवाट लावावी. गाडीखाली काम करावयाचे असल्यास ती केवळ जॅकवर ठेवू नये. भक्कम ठोकळ्यांचा आधार द्यावा.

पुढील निगा

लेप दिला म्हणजे गाडी धुण्यापासून सुटका झाली, असे नव्हे. मासळीची फेरी झाली की त्याच दिवशी, एरवी आठवड्यातून एकदा, खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. मोरचूद वा खत सांडल्यास लगेच धुवावे. महिन्यातून एकदा छिद्रांत तार फिरवावी. लेपास चीर पडली वा फुगवटा आला, तर तो भाग कापून पाहावा. आत गंज असल्यास घासून पुन्हा प्रायमर व लेप द्यावा. फुगवट्यावर नवा थर चढवू नये.

ज्यांस हा खर्च झेपत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर ऑइल पेंट दरवर्षी दिल्यासही गाडी पुष्कळ टिकते. उलट जुन्या गाडीस हीच रीत अधिक योग्य. कारण पातळ रंगाखालून गंज लवकर दिसून येतो. मात्र जळके इंजिन ऑइल फासू नये. ते रबरी भाग फुगवते आणि बागेतील जमिनीवर गळते. डांबरही लावू नये. उन्हात ते मऊ होऊन खडे-माती धरून ठेवते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

दसऱ्याच्या सुमारास गावातील मालवाहू गाड्या एका ठिकाणी बोलावून हातोडीची परीक्षा सर्वांसमक्ष करून दाखवावी. लेप दिलेली गाडी दाखविताना केवळ तिची चकाकी दाखवू नये. तिच्या मालकास तीन प्रश्न विचारावेत. लेपाखालचा पत्रा घासला होता काय? लेप कोरड्या दिवशी दिला काय? छिद्रे मोकळी आहेत काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तरच त्या गाडीचे उदाहरण इतरांपुढे ठेवावे. नसेल, तर त्याच दिवशी ती गाडी तपासून घेण्यास मालकास सांगावे. आणि तपासणी होईपर्यंत त्या पट्टीस कोणी जॅक लावणार नाही, याची खबरदारी घ्यावी.